देव शपथ घेतो ती कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीकांचे देव अनेक आणि यहुद्यांचा एक, हे शाळेत शिकलो; पण त्यापलीकडे या दोघांच्या देवाच्या कल्पनेत खरा फरक कुठे आहे? शेपटाला एक उपप्रश्नही आहे. झ्यूस म्हणजे आपला इंद्र असं म्हणतात, मग बायबलमधला याहवे म्हणजे आपला कोण?

उपप्रश्न आधी उरकतो. झ्यूस हे नाव आणि वेदांतला द्यौः ही एकाच मुळाची पोरं. ग्रीकांचा ‘झ्यूस पातेर’ आणि आपला ‘द्यौष्पिता’ शेजारी ठेवले की वेगळं काही सांगावं लागत नाही. काम मात्र झ्यूस इंद्राचं करतो, म्हणजे ढग गोळा करणं, वीज फेकणं, आणि बायकोपासून लपूनछपून बाहेर जाणं. गंमत अशी की देवाला ग्रीकमध्ये ‘थेऑस’ म्हणतात. तो शब्द आणि आपला ‘देव’ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण भाषाशास्त्राच्या हिशेबात त्यांचं काही नातं नाही. याहवेला मात्र जोडीदार शोधू नका. अगदी जुन्या हिब्रू गीतांत तो दक्षिणेकडच्या सेईरच्या डोंगरांतून वादळासारखा चालून येतो, तेवढ्यापुरता तो शेजारच्या वादळदेवांसारखा दिसतो. पुढे तो जे होत गेला त्याला ना ग्रीसमध्ये जोड आहे, ना आपल्याकडे. त्याच्या नावाची चार व्यंजनं तेवढी लिहिली जातात, उच्चार करायचा नाही असा दंडक पडला. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘परमेश्वर’ येतं, आणि नुसत्या ‘एलोहीम’च्या जागी ‘देव’.

आता मूळ प्रश्न. मी गेली बावीस वर्षं जुनी ग्रीक आणि बायबलची हिब्रू शिकवतो, आणि पहिली काही वर्षं मीसुद्धा फळ्यावर ‘अनेक विरुद्ध एक’ असंच लिहून सुरुवात करायचो. ते चुकीचं नाही, पण त्या मापाने कापड नीट बेतता येत नाही. इ. स. पू. ६व्या शतकातला कोलोफोनचा झेनोफानीस ग्रीकच होता, आणि तो म्हणतो की देव आणि माणसं या सगळ्यांत थोर असा एकच देव आहे, ज्याचं रूप माणसासारखं नाही आणि विचारही नाही. उलट ‘एलोहीम’ हा हिब्रू शब्द व्याकरणाने अनेकवचनी आहे. ८२व्या स्तोत्रात देव इतर देवांच्या सभेत उभा राहून त्यांची खरडपट्टी काढतो आणि ‘तुम्ही माणसांसारखे मराल’ असं सुनावतो. ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात राष्ट्रांची वाटणी ‘इस्राएलाच्या पुत्रांच्या’ संख्येप्रमाणे झाली असं छापील हिब्रू प्रतीत आहे. मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या गुहेत सापडलेल्या जुन्या गुंडाळीत त्या जागी ‘देवाचे पुत्र’ आहे. सिनायच्या वाळवंटात कुंतिल्लत अजरूदला १९७५-७६ मध्ये खोदकाम झालं. तिथे इ. स. पू. ८००च्या आसपासच्या रांजणांवर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले मिळाले. अशेरा म्हणजे देवी की तिचा खांब यावर पंडितांची अजून जुंपलेली असते. कसंही असो, देवांची डोकी मोजत बसलो तर दोन्हीकडे अपवादांची यादी लांबत जाते.

म्हणून हल्ली मी दुसरीच वस्तू वर्गात आणतो, ती म्हणजे शपथ.

आपण शपथ घेतो तेव्हा काय करतो? ‘आईशप्पथ’, ‘गळ्याशपथ’, ‘देवाशपथ’. आपल्यापेक्षा मोठं किंवा आपल्याला जिवापाड प्रिय असं काहीतरी मध्ये आणतो आणि म्हणतो, मी खोटा ठरलो तर ते माझ्यावर उलटू दे. शपथेला नेहमी बाहेरचा आधार लागतो. मग देवावरच शपथ घ्यायची पाळी आली तर? तो कोणाच्या गळ्याला हात लावणार? ग्रीक आणि हिब्रू, दोन्ही साहित्यांत देव शपथ घेतात, आणि दोन्हीकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे.

ग्रीकांचं उत्तर स्टिक्स. आपण हिला पाताळातली नदी म्हणून ओळखतो, पण हेसिअड या कवीच्या ‘थिऑगनी’त, म्हणजे देवांच्या जन्मकथेत (इ. स. पू. ७००च्या सुमारास) तिचं काम निराळं आहे. देवांमध्ये तंटा झाला आणि कोणीतरी खोटं बोलतंय असा संशय आला, की झ्यूस देवांची निरोप्या आयरिसला पाठवतो. ती सोन्याची झारी घेऊन जाते आणि उंच कड्यावरून ठिबकणारं ते गार पाणी भरून आणते. जगाला वेढणाऱ्या ओकेआनोसच्या पाण्याचे दहा भाग केले, तर नऊ भाग पृथ्वी आणि समुद्राभोवती फिरतात आणि दहावा भाग म्हणजे हे पाणी. देवाने ते ओतून शपथ घ्यायची. ग्रीकमध्ये शपथेला ‘हॉर्कोस’ म्हणतात, आणि ज्याची शपथ घ्यायची त्या वस्तूलाही ‘हॉर्कोस’च. म्हणजे झारीतलं पाणी हीच देवांची शपथ.

खोटी शपथ घेतली तर शिक्षा काय, तेही हेसिअड तपशिलात सांगतो. तो देव पूर्ण एक वर्ष श्वासाविना, वाचेविना अंथरुणावर पडून राहतो. अमृतान्न नाही, पेय नाही, नुसती गुंगी. वर्षभराने उठला की पुढची नऊ वर्षं त्याला देवांच्या सभेत आणि पंगतीत जागा नाही. दहाव्या वर्षी परत घेतात. देवांनी देवाला वाळीत टाकायचं! देव मरत नाही, त्यामुळे गावकीची शिक्षा हीच त्याला देता येण्यासारखी मोठी शिक्षा.

हे पाणी नुसतं कवितेतलं नव्हतं. आर्केडियात नोनाक्रिसजवळच्या कड्यावरून पडणारा एक धबधबा लोक स्टिक्स मानत. स्पार्टाचा राजा क्लेओमेनीस आर्केडियाच्या पुढाऱ्यांना तिथे नेऊन शपथ घ्यायला लावण्याच्या खटपटीत होता, असं इतिहासकार हेरोडोटस सांगतो. हे पाणी काच फोडतं, धातू खातं, फक्त घोड्याच्या खुरात टिकतं, असं प्रवासवर्णनकार पौसानियस नोंदवतो. धबधबा आजही आहे, गावकरी त्याला ‘काळं पाणी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

होमरकडे या शपथा प्रत्यक्ष चालताना दिसतात. ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या १४व्या सर्गात झ्यूसची बायको हेरा हिला झ्यूसला झोपवायचं असतं, म्हणून ती निद्रादेव हिप्नोसकडे जाते. तो बिचकतो, कारण मागे एकदा याच उद्योगापायी झ्यूस त्याला समुद्रात भिरकावणार होता. शेवटी तो म्हणतो, एक हात जमिनीवर ठेव, दुसरा समुद्रावर, आणि स्टिक्सच्या पाण्याची शपथ घे, म्हणजे क्रोनोसभोवती खाली बसलेले देव साक्षीला राहतील. हेरा घेते. हे साक्षीदार कोण, ते पाहा. झ्यूसने हरवून पाताळात कोंडलेले जुने देव! सत्तेवरच्या राणीला आपला शब्द खरा करायला सत्तेवरून घालवलेल्यांची साक्ष काढावी लागते. ग्रीक देवाची जागा कुठे आहे ते या एका चित्रात दिसतं. तो जगाच्या आत आहे, आणि त्याच्या आधी, त्याच्या खाली, त्याच्यापेक्षा जुनं असं पुष्कळ काही आहे. हेसिअडच्या सांगण्याप्रमाणे सुरुवातीला खाओस झाला, मग पृथ्वी. देव फार नंतर जन्माला आले. जगाने देवांना जन्म दिला, देवांनी जगाला नाही.

झ्यूस तरी यातून सुटला असेल असं वाटतं ना? १९वा सर्ग वाचा. अल्कमेनीच्या पोटी हेराक्लीस जन्मणार त्या दिवशी झ्यूस फुशारकी मारतो, की आज माझ्या रक्ताचा एक जण जन्माला येईल आणि आजूबाजूच्या सगळ्यांवर राज्य करेल. हेरा म्हणते, खोटं बोलशील, शपथ घे. तो घेतो. ती तडक अर्गोसला उतरते, तिथे स्थेनेलोसची बायको सातव्या महिन्यात असते, तिची प्रसूती आधीच उरकून घेते आणि अल्कमेनीच्या कळा थांबवते. जन्मतो युरिस्थेउस. तोही पर्सिउसकडून झ्यूसच्याच वंशातला, म्हणजे शब्द तंतोतंत पाळला गेला. झ्यूसच्या हाती काय उरलं? बुद्धी फिरवणाऱ्या ‘आते’ नावाच्या देवीला केसांना धरून त्याने स्वर्गातून खाली फेकलं, आणि पुढे आपला मुलगा त्या य:कश्चित राजाची हलकी कामं करताना दिसला की तो कण्हत राहिला. शपथ मोडायचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, कारण शपथ त्याच्यापेक्षा वजनदार आहे.

याचं मूळ ‘मोइरा’ या शब्दात आहे. आपण त्याचं ‘नियती’ असं भारदस्त भाषांतर करतो, पण साधा अर्थ ‘वाटा’. १५व्या सर्गात पोसायडन संतापून सांगतो, आम्ही तिघं भाऊ, चिठ्ठ्या टाकल्या. मला समुद्र आला, हेडीसला अंधार, झ्यूसला आभाळ. जमीन आणि ऑलिंपस सामाईक. झ्यूसने आपल्या तिसऱ्या हिश्शात गप पडून राहावं. सातबाऱ्यावरून भांडणारे भाऊ आणि हे, फरक फक्त क्षेत्रफळाचा.

ग्रीकांबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माणसांच्या शपथांचा राखणदार झ्यूसच, ‘झ्यूस हॉर्किओस’. ऑलिंपियाच्या सभागृहात त्याची मूर्ती होती, दोन्ही हातांत वज्र घेतलेली. खेळाडू, त्यांचे बाप, भाऊ आणि प्रशिक्षक तिथे रानडुकराच्या मांसाच्या फोडींवर शपथ घेत की स्पर्धेत काही लबाडी करणार नाही, आणि खेळाडू शिवाय सांगत की दहा महिने नीट सराव केला आहे. इलियडच्या ३ऱ्या सर्गात ट्रोजन आणि ग्रीक असाच करार करतात. कोकरांच्या डोक्यावरचे केस कापून सरदारांना वाटतात, गळे कापतात, दारू ओततात आणि म्हणतात, जो आधी मोडेल त्याचा मेंदू या दारूसारखा जमिनीवर सांडू दे. आणि ४थ्या सर्गात तो करार मोडायला ट्रोजनांना चिथावतो कोण? झ्यूसच अथीनाला पाठवतो. शपथेचा राखणदार स्वतःच कुंपण ओलांडतो, आणि होमरला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. देवांची शपथ देवांमध्ये पक्की. माणसांच्या शपथेत देव साक्षीदार आहेत, पक्षकार नाहीत.

इथून हिब्रूकडे वळलं की पहिला धक्का बसतो तो या शेवटच्या वाक्याला. बायबलमध्ये देव करारातला पक्षकार होतो.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, १५वा अध्याय. अब्रामाला (पुढे याचंच नाव अब्राहाम होतं) मूल नाही, जमीन नाही, आणि देव दोन्ही द्यायचं म्हणतो. अब्राम विचारतो, मला कसं कळावं? देव सांगतो, तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि एक पारव्याचं पिल्लू घेऊन ये. अब्राम जनावरं मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडतो. पक्षी चिरत नाही. गिधाडं उतरतात, तो हाकलत बसतो. हे मला नेहमी फार खरं वाटतं. इतका मोठा प्रसंग, आणि म्हातारा आपला गिधाडं हाकलतोय. सूर्य मावळतो, त्याच्यावर गाढ झोप आणि काळोखाचं भय पडतं, आणि त्या तुकड्यांमधून धुमसणारी भट्टी आणि पेटती मशाल निघून जाते. भट्टीला हिब्रू शब्द आहे ‘तन्नूर’. हाच शब्द अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे ‘तंदूर’ होऊन आला.

तुकड्यांमधून जाण्याचा अर्थ यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात उघड केला आहे. यरुशलेमला बाबेलचा वेढा पडलेला असताना राजा सिद्कीया आणि सरदार वासराच्या दोन तुकड्यांमधून चालत जाऊन गुलामांना सोडण्याचा करार करतात. मग शब्द फिरवून त्यांना परत धरतात, तेव्हा संदेष्टा म्हणतो, आता तुमचं त्या वासरासारखं होईल. हीच चाल शेजारच्या अरामी लोकांतही होती. अलेप्पोजवळच्या सेफिरेच्या शिलालेखात (इ. स. पू. ८वं शतक) मातीएल राजाच्या करारात लिहिलंय, हे वासरू जसं कापलं तसा मातीएल कापला जावो. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. आणि होमरच्या ग्रीकमध्येही शपथ ‘कापतात’. इथवर तिघांचा आचार शेजाऱ्याशेजाऱ्यांसारखा आहे.

फरक आहे तो तुकड्यांमधून जातो कोण, यात. सेफिरेत शापाखाली येतो तो मातीएल, म्हणजे दुबळा पक्ष. उत्पत्तीत अब्राम झोपलेला असतो, आणि धुराच्या नि जाळाच्या रूपाने जातो तो देव. मी खोटा ठरलो तर माझे तुकडे होवोत, असं तिथे बोलून दाखवलेलं नाही; कृती मात्र तीच आहे. वर्गात हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा चांगली बोलकी मुलंही गप्प होतात.

मग २२वा अध्याय. मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला अब्राहामाने उचललेली सुरी थांबवली जाते, आणि वरून आवाज येतो, ‘मी माझीच शपथ वाहिली आहे.’ हिब्रूत हे वाक्य दोन शब्दांचं आहे, ‘बी निश्बाती’. झ्यूसकडे झारी होती. याहवेकडे झारीत भरायला काही नाही. त्याच्या आधीचं पाणी, त्याच्या खाली कोंडलेले म्हातारे देव, भावांच्या चिठ्ठ्या, यातलं काहीच नाही. आमोस संदेष्टा एकदा म्हणतो, त्याने आपल्या पवित्रतेची शपथ वाहिली. एकदा म्हणतो, आपल्या जिवाची. कुठूनही फिरून शपथ त्याच्यापाशीच परत येते.

आता कोणी म्हणेल, स्वतःचीच शपथ म्हणजे शपथ नव्हेच; तिला बांधणारं कोण? अगदी बरोबर, आणि याचं उत्तर हिब्रू लेखकांनी तर्काने दिलेलं नाही, भांडून दिलं आहे. निर्गमाचा ३२वा अध्याय. डोंगराखाली लोकांनी सोन्याचं वासरू केलंय, देव भडकलाय, सगळ्यांचा फडशा पाडतो म्हणतो आणि मोशेला सांगतो, तुझ्यापासून नवं राष्ट्र करतो. मोशे लोकांच्या बाजूने एकही चांगला शब्द काढत नाही, काढण्यासारखा नव्हताच. तो म्हणतो, अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांना आठव, ज्यांना तू स्वतःची शपथ वाहून वचन दिलंस. आणि देव माघार घेतो. तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी एलआझारच्या नावावर या वाक्याचं जे विवरण आहे ते मला फार आवडतं. मोशे म्हणाला, तू आकाशाची आणि पृथ्वीची शपथ घेतली असतीस तर मी म्हटलं असतं, आकाश-पृथ्वी एक दिवस सरतील तशी तुझी शपथही सरेल. पण तू घेतलीस ती तुझ्या नावाची, तेव्हा जोवर तू आहेस तोवर ती आहे. कुळकायद्यातला मुरलेला वकीलही याहून नेमका मुद्दा काढणार नाही.

याच्या शेजारी ग्रीक प्रार्थना ठेवा. इलियडच्या सुरुवातीला पुजारी ख्रिसेस अपोलोला हाक मारतो, मी तुझ्या देवळावर छप्पर घातलं असेल, बैलांच्या नि शेळ्यांच्या मांड्या तुला जाळल्या असतील, तर माझं एवढं कर. म्हणजे तो स्वतःची जमेची बाजू वाचून दाखवतो. नवस बोलणाऱ्या आपल्याला यात काही नवल वाटत नाही. मोशे मात्र देवाच्याच सहीचा कागद देवासमोर ठेवतो. झ्यूसला शपथेत पकडणारी हेरा असते, बरोबरीची देवी. याहवेला पकडणारा माणूस असतो, कारण वर दुसरं कोणी नाहीच.

देवाच्या अंगाला ही शपथ लागते कशी, ते सगळ्यात धारदारपणे ८९व्या स्तोत्रात येतं. अर्ध्याहून जास्त स्तोत्र दावीदाला दिलेल्या वचनाचं कौतुक करतं: मी माझ्या पवित्रतेची शपथ एकदाच वाहिली, दावीदाशी खोटं बोलणार नाही, त्याचं सिंहासन सूर्यासारखं टिकेल. आणि मग एकाएकी, ‘पण तू तर त्याग केलास.’ करार झिडकारलास, मुकुट धुळीत टाकलास, तट पाडलेस, शेजारी हसतात. शेवटाकडे प्रश्न: प्रभू, दावीदाला शपथेवर दिलेली तुझी ती पूर्वीची दया कुठे आहे? इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, दावीदाच्या वंशाचं राज्य संपलं. त्या राखेत हे बोल नीट बसतात. स्तोत्राच्या अखेरीस छापलेलं ‘धन्यवाद, आमेन’ हे या कवीचं उत्तर समजू नका. तिथे स्तोत्रसंहितेचा तिसरा भाग संपतो, त्याची ती समाप्तीची ओळ आहे. कवीला उत्तर मिळालेलं नाही. ग्रीक माणूस देवावर चिडतो, देव मत्सरी आहे म्हणतो, पण ‘तू शब्द मोडलास’ असा दावा लावायला त्याच्याकडे कागदच नसतो.

मत्सराचं निघालंच आहे तर थोडं आडवळण. मराठी बायबलमध्ये ‘मी ईर्ष्यावान देव आहे’ असं आहे, आणि हेरोडोटसकडे अथेन्सचा सोलोन लिडियाचा राजा क्रिसस याला सांगतो की दैवत सगळं मत्सरी असतं. दोन्ही वाक्यं एकसारखी वाटतात, पण रोख उलटा आहे. ग्रीक देवाला खुपतं ते माणसाचं उतू जाणारं भाग्य. शेजारी झ्यूससोबत अथीनालाही भजतो याचं त्याला काही नाही. याहवेला खुपतं ते तुम्ही दुसऱ्याकडे वळलात हे. पहिला हेवा शेजाऱ्याचा, दुसरा लग्नातला. होशेय संदेष्टा तर करारमोडीला सरळ व्यभिचारच म्हणतो.

करार म्हटला की खूण लागते. नोहाच्या गोष्टीत ती इंद्रधनुष्य आहे, आणि गंमत म्हणजे ती माणसासाठी नाही: ‘मी ते पाहीन आणि मला आठवेल,’ असं देव म्हणतो. पदराला गाठ मारून ठेवावी तसं. दुसरी खूण शब्बाथ. हिचा एक धागा आपल्या अंगणातून गेला आहे. कोकणात अलिबागच्या आसपास घाण्यावर तेल काढणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ हाताशी नाहीत, हिब्रू विसरलेली, बोलणं मराठी. तरी सुंता, शनिवार आणि ‘शमा इस्राएल’ या प्रार्थनेची ओळ त्यांनी सोडली नव्हती.

मी रंगवतोय तितकं हिब्रू चित्र एकरंगी नव्हतं, हेही सांगायला हवं. याकोब आणि लाबान करार करतात तेव्हा अब्राहामाचा देव आणि नाहोराचा देव, दोघांना न्याय करायला बोलावतात. ज्याचा त्याचा कुळदेव. इजिप्तमध्ये अस्वानजवळ एलिफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती, त्यांचं याहूचं स्वतःचं मंदिर होतं. तिथल्या पपायरसांत इ. स. पू. ४४० चा एक दस्त आहे. मिवताहिया नावाची यहुदी बाई मालमत्तेच्या तंट्यात शपथ घेते, ती साती या इजिप्तच्या देवीची. कोर्टकचेरीत जी शपथ चालते ती घ्यायची, काम होऊन जायचं. ‘याहवेशिवाय कोणी नाही’ हे बाबेलच्या बंदिवासातल्या यशयाच्या उत्तरार्धात ठणकावून येतं, आणि तिथेही ‘मी माझीच शपथ वाहिली आहे’ हे शब्द येतातच.

ग्रीकांच्या बाजूनेही एक हरकत मीच घेतो. इलियडच्या १ल्या सर्गात झ्यूस थेटिस या समुद्रदेवीला सांगतो, मी मान डोलावली की ती माझी सगळ्यात मोठी खूण, मग ते फिरत नाही आणि फसवत नाही. इथे तो स्टिक्सकडे जात नाही. त्याची मानच पुरेशी आहे. ही जागा हिब्रू कल्पनेच्या फार जवळ येते. पण पुढे सर्पेदोनचं, त्याच्या पोटच्या मुलाचं, मरण समोर येतं. त्याला वाचवावं असं झ्यूसच्या मनात येतं, तेव्हा हेरा म्हणते, खुशाल वाचव, पण आम्ही सगळे देव त्याला मान्यता देणार नाही. तो रक्ताचे थेंब पाडतो आणि मुलाला मरू देतो. मान डोलावणारा देवही गावकीत राहतो.

ग्रीकांनी या झारीचं पुढे काय केलं? ॲरिस्टॉटल ‘मेटाफिजिक्स’च्या पहिल्याच भागात थेलीसचं मत सांगतो, की सगळ्याचं मूळ पाणी, आणि म्हणतो, काहींच्या मते फार प्राचीन लोकही असंच मानत, कारण त्यांनी देवांची शपथ पाण्याची ठेवली, स्टिक्सची. जे सगळ्यात जुनं ते सगळ्यात मानाचं, आणि शपथ घ्यायची ती सगळ्यात मानाच्या वस्तूची. माझ्या मते ग्रीक तत्त्वज्ञानाची वाट इथूनच फुटते. देवांपेक्षा जुनं काहीतरी आहे हे घरातच ठाऊक असलेला समाज ते काय आहे याचा शोध घेणारच. त्या वाटेच्या टोकाला ॲरिस्टॉटलचा स्वतःचा देव आहे. तो स्वतः न हलता सगळं हलवतो, प्रिय वस्तू हलवते तसं. आणि विचार करतो तो फक्त विचाराचा. त्याच्यावर स्टिक्सची सत्ता नाही. पण तो कोणाला वचनही देत नाही, आणि त्याच्याकडे जाऊन ‘तू म्हणाला होतास’ म्हणायची सोय नाही.

अलेक्झांड्रियाचा फिलो हा ग्रीकमध्ये विचार करणारा यहुदी या दोन देवांच्या मधोमध सापडला. देवाने शपथ का घ्यावी, यावर तो पानंच्या पानं लिहितो. शपथ म्हणजे संशयाच्या जागी देवाला साक्षीला बोलावणं. मग देवच बोलत असेल तर संशय कसला आणि साक्षीदार कोण? त्याचं म्हणणं असं, की देवाचा शब्द हाच शपथ आहे, आणि ‘शपथ वाहिली’ ही भाषा माणसाच्या दुबळेपणासाठी. उत्तर हुशारीचं आहे. तन्नूर आणि गिधाडं मात्र त्यात कुठे बसत नाहीत.

ग्रीक देवाने स्वतःचीच शपथ घेतल्याचं एक उदाहरण मात्र मला तोंडपाठ आहे. इ. स. पू. ४१४ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत ॲरिस्टोफनीसच्या ‘पक्षी’ला दुसरं बक्षीस मिळालं. त्यात पक्ष्यांनी आभाळात शहर बांधून देवांचा धूर अडवलाय, आणि देवांचं शिष्टमंडळ वाटाघाटीला आलंय. पक्ष्यांचा पुढारी पटवतो, हल्ली माणसं ढगांच्या आडोशाने तुमच्या खोट्या शपथा घेतात. आमच्याशी युती केलीत तर ‘कावळ्याची आणि झ्यूसची शपथ’ असं म्हणून खोटं बोलणाऱ्याचा डोळा कावळा येऊन फोडेल. यावर पोसायडन खूश होऊन म्हणतो, ‘पोसायडनशप्पथ, छान बोललास!’ विनोद तेवढाच आहे, देव स्वतःच्याच नावाने शपथ घेतो. त्यानंतर दीडएकशे वर्षांनी अलेक्झांड्रियात तोराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर झालं, आणि उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात ‘बी निश्बाती’पाशी येऊन भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवत लिहिलं, ‘कात एमाउतू ओमोसा’, मी माझ्याच नावाने शपथ वाहिली.